वापरलेल्या मोटारसायकलीवरील सदोष इंधनमापक : दोषनिदान आणि दुरुस्तीची शास्त्रीय पद्धती

गोषवारा

मोटारसायकलीवरील पेट्रोलचा काटा चुकीचे दाखवू लागला की 'मीटर खराब झाले' असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो आणि पुष्कळदा संपूर्ण मीटर बदलले जाते. वस्तुतः काटा हा टाकीतील तरंगकापासून सुरू होणाऱ्या परिपथाचा अखेरचा घटक असून दोष या परिपथात कोठेही असू शकतो. प्रस्तुत लेखात इंधनमापकाची रचना, दोषामुळे होणाऱ्या चुकीची दिशा, निदानाचा क्रम, दुरुस्ती आणि दुरुस्तीनंतरची पडताळणी यांचे विवेचन केले आहे. कोणताही भाग बदलण्यापूर्वी मोजणी करावी, आणि काटा किती चुकतो याइतकेच तो कोणत्या बाजूला चुकतो हेही तपासावे, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : इंधनमापक, टँक युनिट, विद्युत रोध, एकसर जोडणी, दोषनिदान, वापरलेली वाहने

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नसून उपजीविकेचे साधन झाली आहे. नोकरीच्या गावी रोज ये-जा करणारे शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, दूधवाले आणि फिरते विक्रेते यांची दिनचर्या याच वाहनावर अवलंबून असते. नवी गाडी घेणे ज्यांना परवडत नाही असा मोठा वर्ग वापरलेली गाडी विकत घेतो. अशा व्यवहारात इंजिनाचा आवाज, टायरची झीज, कागदपत्रे यांची तपासणी होते. पेट्रोलचा काटा बरोबर चालतो की नाही याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. 'काटा चालत नाही, पण त्याने काही अडत नाही' असे विक्रेता सांगतो आणि घेणाऱ्यालाही ते पटते.

एके काळी हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे होते. कार्ब्युरेटर असलेल्या मोटारसायकलीत टाकीखालच्या कॉकला 'ऑन', 'ऑफ' आणि 'रिझर्व्ह' अशा तीन स्थिती असत. टाकीतील उंच नळीच्या तोंडाखाली पेट्रोलची पातळी गेली की इंजिन अडखळू लागे. चालक हात खाली घालून कॉक रिझर्व्हवर फिरवी आणि तळाशी राहिलेल्या, साधारणतः एक ते दोन लिटर पेट्रोलवर पंप गाठी. 'गाडी रिझर्व्हला लागली' हा वाक्प्रयोग मराठीत रूढ झाला तो या व्यवस्थेमुळेच. कित्येक गाड्यांना इंधनमापकच नसे आणि तरीही कोणाचे विशेष अडत नसे, कारण रिझर्व्ह हा विजेवर अवलंबून नसलेला इशारा होता.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन अंतःक्षेपण प्रणालीने, म्हणजे बोलीभाषेतील 'एफआय'ने घेतली. या प्रणालीत विजेवर चालणारा पंप टाकीतच बसवलेला असल्याने रिझर्व्हचा कॉक बहुतेक गाड्यांतून नाहीसा झाला. पेट्रोल संपत आल्याची वार्ता आता केवळ काटा, पडद्यावरील पट्ट्या किंवा इशाऱ्याचा दिवा यांच्याकडूनच मिळते. शिवाय टाकीतील पंपाला थंड ठेवण्याचे कामही पेट्रोलच करीत असल्याने टाकी वारंवार कोरडी पडणे पंपालाही हानिकारक ठरते. २०२० नंतरच्या या गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. त्यामुळे सदोष काटा ही केवळ गैरसोय राहिलेली नाही. कुंभार्ली किंवा आंबा घाटात रात्री बंद पडलेली गाडी हा चालकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न होय.

इंधनमापकाची रचना

इंधनमापकाचे दोन प्रमुख भाग असतात. टाकीत बसवलेल्या भागास कारागीर 'टँक युनिट' किंवा नुसते 'फ्लोट' म्हणतात. हँडलजवळ बसवलेला दर्शक भाग म्हणजे 'मीटर'. या दोहोंना जोडणाऱ्या वायरी, कपलर, फ्यूज आणि अर्थिंग हा तिसरा भाग होय. तो सहसा नजरेआड राहतो, आणि दोषाचा शोध बहुधा त्याच्यापासूनच सुरू करावा लागतो.

टँक युनिटमध्ये पेट्रोलवर तरंगणारा एक पोकळ वा हलक्या द्रव्याचा तरंगक असतो. तो एका तारेच्या दांड्याला जोडलेला असून पातळीप्रमाणे खाली-वर होतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाची संपर्कपट्टी एका रोधपट्टीवरून सरकते. परिपथात रोधपट्टीचा किती भाग येतो यावर रोध ठरतो. अशा रीतीने पातळीचे रूपांतर रोधात आणि रोधाचे रूपांतर विद्युतधारेत होते.

दर्शक भागाचे तीन प्रकार आढळतात. जुन्या प्रकारात विद्युतधारेने तापणारी द्विधातू पट्टी वाकून काटा हलवते. पट्टी तापण्यास वेळ लागत असल्याने असा काटा सावकाश चढतो. दुसऱ्या प्रकारात परस्परांशी कोन करून बसवलेल्या कुंडलांच्या मध्ये काट्याचे चुंबक असते आणि ते परिणामी चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळते. बॅटरीची व्होल्टता थोडी बदलली तरी कुंडलांतील धारांचे गुणोत्तर फारसे बदलत नाही, म्हणून हा काटा अधिक विश्वसनीय असतो. तिसऱ्या, डिजिटल प्रकारात मीटरमधील सूक्ष्मनियंत्रक रोधानुसार बदलणारी व्होल्टता मोजतो, काही काळाची सरासरी काढतो आणि पट्ट्या कमी-अधिक करतो. गाडी हलताना पेट्रोल हिंदकळते. काटा सतत नाचू नये म्हणून ही मंदगती मुद्दाम ठेवलेली असते. चावी फिरवताच काटा योग्य जागी आला नाही एवढ्यावरून तो बिघडला असे म्हणता येत नाही.

काही गाड्यांत इशाऱ्याच्या दिव्यासाठी टाकीच्या तळाजवळ स्वतंत्र थर्मिस्टर असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो. पातळी खाली गेली की तापतो, त्याचा रोध घटतो व दिवा लागतो. अशा गाडीत काटा आणि दिवा हे दोन स्वतंत्र साक्षीदार असतात. काटा 'अर्धी टाकी' सांगत असताना दिवा लागला, तर त्या विसंगतीकडे कधीही दुर्लक्ष करू नये.

दोषाची दिशा

रोध आणि पातळी यांची सांगड घालण्याच्या दोन पद्धती आहेत. जपानी धाटणीच्या अनेक वाहनांत टाकी भरलेली असता रोध कमी, म्हणजे सुमारे १० ओहमच्या आसपास वा त्याहूनही कमी, आणि रिकामी असता सुमारे १०० ओहम असतो. याउलट काही युरोपीय पद्धतीच्या मापकांत १० ओहम म्हणजे रिकामी आणि १८० ओहम म्हणजे भरलेली टाकी. नेमके आकडे प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असतात व तेच प्रमाण मानावेत.

या दोन पद्धतींत एकाच दोषाचे परिणाम परस्परविरुद्ध होतात. कपलरच्या पिनांवर हिरवा क्षार साचल्याने किंवा अर्थिंगच्या बोल्टाखाली गंज चढल्याने परिपथात ३० ओहमचा जादा रोध आला असे गृहीत धरल्यास, एकसर जोडणीच्या नियमानुसार तो टँक युनिटच्या रोधात मिळवला जाईल. टाकी १२ लिटरची असून रोध १० ते १०० ओहमच्या दरम्यान समप्रमाणात बदलतो असे सोयीसाठी मानता येईल.

पहिल्या पद्धतीत टाकी पूर्ण भरलेली असता मीटरला १० ऐवजी ४० ओहम दिसतील आणि काटा दोन-तृतीयांशावर थांबेल. टाकी अर्धी असता ५५ ऐवजी ८५ ओहम दिसतील व काटा एक-षष्ठांशावर येईल. टँक युनिटचा रोध ७० ओहम झाला की मीटरला १०० ओहम दिसतील; म्हणजे टाकीत ४ लिटर पेट्रोल असतानाच काटा 'रिकामी' असे सांगेल. दुसऱ्या पद्धतीचा विचार करताना, तुलनेसाठी हेच आकडे उलटे धरल्यास, टाकी कोरडी असताना १० ऐवजी ४० ओहम दिसतील आणि काटा एक-तृतीयांश टाकी दाखवेल. म्हणजे प्रत्यक्षात नसलेले ४ लिटर पेट्रोल चालकाला दिसत राहील.

वायर पूर्णपणे तुटल्यास पहिल्या पद्धतीत काटा रिकाम्यावर पडतो, दुसऱ्या पद्धतीत भरलेल्याच्याही पलीकडे जातो. वायरीचे आवरण घासून ती चासीला टेकल्यास मात्र याच्या उलट घडते. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, काट्याच्या चुकीचे स्वरूप हाच निदानाचा पहिला पुरावा असतो. दुसरी अशी की, सुरक्षित बाजूला होणारी चूकही निरुपद्रवी नसते. रोज वेळेआधी 'रिकामी' म्हणणाऱ्या काट्याकडे चालक लक्ष देणे सोडून देतो आणि ज्या दिवशी टाकी खरोखरच रिकामी होते त्या दिवशीही तो दुर्लक्षच करतो.

वापरलेल्या गाडीचे वेगळेपण

नव्या गाडीत दोष उद्भवल्यास मूळ जोडणी योग्य होती असे गृहीत धरता येते. वापरलेल्या गाडीत तसे करता येत नाही. आधीच्या मालकाने जादा दिवे, अलार्म किंवा मोबाइल चार्जिंगचा सॉकेट बसवताना कोणती वायर कोठे जोडली हे कळण्यास मार्ग नसतो. अपघातानंतर टाकी बदलताना दुसऱ्या मॉडेलचे टँक युनिट बसवले गेले असल्यास त्याच्या रोधाची मर्यादा वेगळी असू शकते; मग काटा अर्ध्यावरच घुटमळतो किंवा पेट्रोल भरल्यावर खाली येतो. अशा गाडीतील प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासला असता ठीक आढळतो. दोष त्यांच्या जुळणीत असतो.

काळ आणि हवामान यांचाही परिणाम होतो. कोकणातील खारी हवा, पावसाळ्यातील ओल आणि वॉशिंग सेंटरवरील पाण्याचा जोरदार फवारा यांमुळे टाकीखालच्या कपलरमध्ये ओलावा शिरतो. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत वाफ धरून गंज चढतो आणि त्याची पूड तरंगकाच्या दांड्यात अडकते. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यास इथेनॉल व पाणी यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. दीर्घकाळ न वापरल्या जाणाऱ्या जुन्या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

वापराच्या सवयीचाही विचार करावा लागतो. एका वेळी शंभर-दोनशे रुपयांचेच पेट्रोल भरण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्यामुळे संपर्कपट्टी वर्षानुवर्षे रोधपट्टीच्या एकाच टोकाकडे फिरत राहते व तोच भाग अधिक झिजणे स्वाभाविक असते. टाकी भरली की काटा व्यवस्थित चालतो, परंतु निम्म्याखाली गेल्यावर एकाएकी पडतो वा थरथरतो, अशी तक्रार असल्यास या झिजेचा संशय घ्यावा.

निदानाचा क्रम

निदान करताना सोप्याकडून अवघडाकडे आणि न उघडता करता येण्याजोग्या तपासणीकडून उघडून करावयाच्या तपासणीकडे जावे. काही शेकडा रुपयांत मिळणारा मल्टिमीटर या कामास पुरेसा आहे.

१) दोष आहे याची खात्री : गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि पेट्रोलही त्या बाजूला जाते. मोटारसायकलीची टाकी चासीच्या मधल्या नळीवर खोगिरासारखी बसत असल्याने तिचे तळाकडचे दोन कप्पे उजवी-डावीकडे विभागलेले असतात. तरंगक मात्र एकाच बाजूला असतो. चावी चालू करून काटा स्थिरावण्यास पुरेसा वेळ द्यावा व मगच नोंद घ्यावी.

२) शेजाऱ्यांची चौकशी : केवळ पेट्रोलचा काटा चुकतो की इंडिकेटर, हॉर्न, मीटरमधील दिवे यांतही गडबड आहे, हे पाहावे. अनेक गोष्टी एकदम बिघडल्या असल्यास दोष सामाईक फ्यूज, अर्थिंग, बॅटरी किंवा चार्जिंग यांत शोधावा. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीची व्होल्टता गाडी बंद असता सुमारे १२.६ आणि इंजिन मध्यम गतीने चालू असता साधारणतः १३.५ ते १४.५ असते. अनेक गाड्यांत चावी फिरवताच काटा एकदा टोकापर्यंत जाऊन परत येतो. तो तसा गेला, तर मीटरमधील काटा फिरवणारी यंत्रणा शाबूत आहे असे समजावे.

३) कपलरवरील कसोटी : टाकीजवळचा टँक युनिटचा कपलर चावी बंद ठेवून सोडवावा, मग चावी चालू करून काटा पाहावा. त्यानंतर पुन्हा चावी बंद करावी, मीटरकडून येणारी वायर अर्थिंगच्या वायरीला थोडा वेळ जोडावी व चावी चालू करावी. डिजिटल मीटर असल्यास वायरी थेट न जोडता त्यांच्यामध्ये प्रथम १० व नंतर १०० ओहमचा रोध लावावा. पहिल्या पद्धतीच्या मापकात कपलर सोडल्यावर काटा रिकाम्यावर आणि जोडणी केल्यावर भरलेल्यावर गेला पाहिजे. दुसऱ्या पद्धतीत याच्या उलट घडेल.

या कसोटीतून तीन शक्यता निष्पन्न होतात. (अ) काटा दोन्ही टोकांना व्यवस्थित गेला, तर मीटर, फ्यूज आणि मधली वायर निर्दोष आहेत. दोष टँक युनिटमध्ये किंवा कपलरच्या पिनांत आहे. (आ) दोन्ही वेळा काटा कपलर सोडल्यानंतरच्याच स्थितीत राहिला, तर हीच कसोटी मीटरच्या मागील कपलरवर करावी. तेथे काटा हलल्यास मधली वायर तुटलेली आहे. तेथेही न हलल्यास मीटरला मिळणारा वीजपुरवठा व मीटरचे अर्थिंग मोजावे. दोन्ही ठीक असतील तरच मीटर सदोष ठरते. (इ) कपलर सोडूनही काटा जोडणी केल्याच्या स्थितीतच अडकून राहिला, तर मधली वायर घासून चासीला टेकलेली असण्याचा संभव आहे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून काटा हलतो का तेही पाहावे. हँडलच्या मुंडीजवळ वायर सतत वाकत असल्याने तिचे आवरण शाबूत राहून आतील तारा तुटलेल्या असू शकतात.

४) अर्थिंगची मोजणी : कपलर पुन्हा जोडून, चावी चालू ठेवून, टँक युनिटचे अर्थिंग आणि बॅटरीचे ऋण अग्र यांमधील व्होल्टता मोजावी. ती जवळपास शून्य असली पाहिजे. काही दशांश व्होल्ट वा त्याहून अधिक आढळल्यास मधल्या एखाद्या जोडणीत जादा रोध आहे हे सिद्ध होते.

५) टँक युनिटची मोजणी : चावी बंद ठेवून व कपलर सोडवून युनिटच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. वाहत्या विजेच्या परिपथात रोध कधीही मोजू नये. प्रथम मल्टिमीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध पाहावा व तो वजा करावा; १० ओहमच्या मोजणीत एका ओहमची चूकही मोठी असते. टाकीतील ज्ञात पेट्रोलशी हा रोध जुळत नसेल, तरच युनिट बाहेर काढावे. बाहेर काढलेल्या युनिटचा दांडा सावकाश फिरवताना रोध अखंड बदलत गेला पाहिजे. मध्येच तो अनंत झाला किंवा उड्या मारू लागला, तर रोधपट्टी झिजलेली आहे.

सुरक्षिततेचे नियम

टँक युनिट काढताना सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस तापमानालाही पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ तयार होते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. हवेत वाफेचे प्रमाण साधारणतः दीड ते साडेसात टक्के असता ती पेटते. म्हणूनच जवळजवळ रिकामी, वाफेने भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक ठरू शकते. युनिट उघडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण अग्र सोडवावे, काम उघड्यावर करावे, पेट्रोल धातूच्या बंद डब्यात काढावे आणि आसपास बिडी-सिगारेट, गॅस, वेल्डिंग व तापती सोल्डरिंग इस्त्री असू नये. टाकी उघडी असताना युनिटला गाडीची वीज जोडून तरंगक हलवून पाहण्याचा मोह टाळावा. त्यासाठी वर सांगितलेली मल्टिमीटरची मोजणी टाकीपासून दूर नेऊन करावी. एफआय गाडीत पंप त्याच घटकावर बसवलेला असल्यास नळीत दाब शिल्लक असतो. हे काम अनुभवी कारागिराकडूनच करून घेणे इष्ट.

दुरुस्ती

कपलरच्या पिनांवर क्षार असल्यास कॉन्टॅक्ट क्लीनर व मऊ ब्रश यांनी त्या स्वच्छ कराव्यात, सैल झालेल्या पिना घट्ट कराव्यात आणि विद्युतरोधक ग्रीस लावावे. अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग व गंज खरवडून धातूला धातूचा स्पर्श घडवावा. तुटलेली वायर नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. सोल्डर करून आकसणारी नळी चढवावी, आणि हँडल वळताना ताण येणार नाही एवढी ढील ठेवावी.

टँक युनिटच्या बाबतीत प्रथम तरंगक तपासावा. तो हलवल्यावर आत पेट्रोल खळखळत असल्यास त्याला छिद्र पडले आहे. असा तरंगक बुडतो आणि काटा कायम रिकाम्यावर राहतो. दांडा गंजामुळे अडत असल्यास तो मोकळा करावा. रोधपट्टीवरील काळपट थर आयसोप्रोपिल अल्कोहोल व सुती कापडाने पुसता येतो. पॉलिश पेपर मात्र वापरू नये, कारण त्याने पट्टीचा पातळ लेप निघून जातो. दांडा वाकला असल्यास मॅन्युअलमधील मापाप्रमाणे सरळ करावा. पट्टी झिजलेली असल्यास युनिट बदलणे हाच उपाय, आणि नवे युनिट त्याच मॉडेलचे असल्याची खात्री बसवण्यापूर्वी रोध मोजून करावी. बसवताना रबरी सील नवे वापरावे आणि पेट्रोल भरल्यावर गळती नाही हे पाहिल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

मीटर बदलण्याचा प्रश्न

वरील सर्व कसोट्यांनंतरच मीटर सदोष ठरवावे. यामागे खर्चाखेरीज आणखी एक कारण आहे. बहुतेक गाड्यांत इंधनमापक, वेगमापक आणि एकूण अंतर दाखवणारा ओडोमीटर एकाच संचात असतात. पेट्रोलच्या काट्यासाठी संपूर्ण संच बदलला, तर गाडी किती किलोमीटर चालली याची नोंदही बदलते. नव्या मीटरवर शून्य दिसते आणि जुन्या बाजारातून आणलेल्या मीटरवर भलत्याच गाडीचा आकडा दिसतो. पुढच्या खरेदीदाराची यात, कोणाचा तसा हेतू नसतानाही, फसवणूक होते. म्हणून मीटर बदलावेच लागल्यास बदलाची तारीख व जुन्या मीटरवरील आकडा दुरुस्तीच्या बिलावर लिहून घ्यावा आणि ते बिल गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावे. गाडी घेणाऱ्यानेही काटा बंद असल्यास 'मीटर कधी बदलले होते का' हा प्रश्न अवश्य विचारावा.

दुरुस्तीनंतरची पडताळणी

काटा हलू लागला म्हणजे काम संपले असे नव्हे. टाकी जवळजवळ रिकामी असताना गाडी सरळ उभी करून एकेक लिटर पेट्रोल मोजून ओतावे आणि दर वेळी काटा स्थिरावल्यावर त्याची जागा लिहून ठेवावी. टाकीचा आकार वर रुंद व खाली अरुंद असल्याने समान पेट्रोलला काटा समान अंतर चालेलच असे नाही. अर्ध्या खुणेखाली तो झपाट्याने उतरत असल्यास तो टाकीच्या आकाराचा परिणाम असू शकतो. ही नोंद टूलबॉक्समध्ये ठेवल्यास काट्याचा खरा अर्थ चालकाला कळतो.

दुरुस्ती होईपर्यंत ट्रिप मीटरचा आधार घेता येतो. टाकी पूर्ण भरून ट्रिप मीटर शून्यावर आणावा. गाडी लिटरमागे ४५ किलोमीटर चालत असेल आणि टाकीत १० लिटर वापरण्याजोगे पेट्रोल असेल, तर ४५० किलोमीटर हा हिशोब येतो. घाट, ओझे व वाहतूक यांचा विचार करून ३०० किलोमीटरला पुन्हा टाकी भरावी. दुरुस्तीनंतरही हा हिशोब चालू ठेवल्यास काट्याला एक स्वतंत्र साक्षीदार मिळतो.

अध्यापनातील उपयोग

ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम आणि एकसर जोडणीतील रोधांची बेरीज विद्यार्थी शालेय वयापासून पाठ करतात. भंगारातून आणलेले एक टँक युनिट, एक मल्टिमीटर आणि पाण्याची पारदर्शक बादली एवढ्या साहित्यावर पातळी व रोध यांचा आलेख काढण्याचा प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज करता येईल. पेट्रोलऐवजी पाणी वापरल्याने आगीचा धोका राहत नाही. रोधपट्टी मात्र पाण्याच्या वर ठेवावी. परिपथात मुद्दाम ३० ओहमचा रोध घालून चुकीची दिशा ओळखण्यास सांगितल्यास विद्यार्थ्यांना दोषनिदानाचे तर्कशास्त्रही शिकता येईल.

निष्कर्ष

१) मोटारसायकलीतील इंधनमापकाचा दोष काट्यात दिसत असला तरी तो तरंगक, रोधपट्टी, कपलर, वायर, अर्थिंग वा वीजपुरवठा यांपैकी कोठेही असू शकतो, म्हणून 'बदलून पाहणे' ही निदानाची पद्धत ठरू शकत नाही.

२) जादा रोधामुळे काटा कमी दाखवेल की जास्त, हे मापकाच्या पद्धतीवर अवलंबून असते. प्रत्यक्षापेक्षा जास्त पेट्रोल दाखवणारा दोष तातडीने दूर करणे आवश्यक आहे.

३) कपलर सोडणे व जोडणे या साध्या कसोटीने टाकीकडील आणि मीटरकडील दोष वेगळे करता येतात. टाकी उघडण्याचे जोखमीचे काम त्यामुळे अनेकदा टळते.

४) रिझर्व्हचा कॉक नसलेल्या गाड्यांत इंधनमापक हे सुरक्षिततेचे साधन आहे. वापरलेली गाडी घेताना त्याची तपासणी ब्रेक व दिव्यांच्या तपासणीइतकीच अगत्याने व्हावी.

५) मीटरचा संच बदलल्यास ओडोमीटरवरील जुन्या आकड्याची लेखी नोंद ठेवणे ही पुढील खरेदीदाराप्रती असलेली जबाबदारी आहे.

सारांश, काट्याला टाकीतील पेट्रोल दिसत नाही. वायरीतून जे पोहोचते तेवढेच तो दाखवतो. म्हणून त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या वार्तेची वाट तपासणे हे दुरुस्तीचे पहिले पाऊल होय. त्यासाठी लागणारे साहित्य अल्प आणि ज्ञान शालेय पातळीचे आहे. गरज आहे ती मोजल्याशिवाय निष्कर्ष न काढण्याच्या सवयीची.